एका डोळ्याची साक्ष

(शहागंजातील एका कापडपेढीवर शेटजी आणि मास्तर बोलत आहेत.)

शेटजी : मास्तर, एकच रंग म्हणून लग्नघराला विकलेले जांभळ्या रेशमाचे दोन तागे आमच्या धाकट्या बहिणीला वेगळे दिसतात; मला, मुनीमजींना आणि खुद्द गिऱ्हाइकाला तसूभरही फरक जाणवत नसता, तिच्या एकटीच्या शब्दावर ठरलेला सौदा मोडावा काय?

मास्तर : तिचाच मुलगा तांबड्या-हिरव्या छटांत फसतो ना?

शेटजी : फसतो, म्हणून रंग जुळवायचे काम आम्ही त्याला देत नाही.

मास्तर : त्याला न दिसणारा भेद आपण खरा मानतो, मग आपल्याला न दिसणारा भेद कोणत्या न्यायाने खोटा ठरवावा? मनुष्याच्या नेत्रपटलात रंग जाणणाऱ्या शंकुपेशी सामान्यतः तीन प्रकारच्या असतात. त्यांतील दोन प्रकारांची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे, ज्या मातेच्या दोहोंपैकी एका गुणसूत्रावर बदललेले जनुक असते, तिचा तो वारसा मिळालेला मुलगा रंगांत चुकतो, आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांत मात्र चौथा प्रकार असण्याचा संभव राहतो, हा तर्क डच शास्त्रज्ञ द फ्रीस यांनी १९४८ साली मांडला.

शेटजी : म्हणजे अशा प्रत्येक मातेची साक्ष प्रमाण मानायची?

मास्तर : मुळीच नाही. न्यूकॅसलच्या गॅब्रिएल जॉर्डन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, तपासलेल्या अशा वाहक स्त्रियांपैकी एकच जास्तीचा रंगभेद ओळखण्याच्या कसोटीस पुरती उतरली. म्हणून रुजवात घ्या : दोन्ही ताग्यांचे तुकडे पाठीमागे खुणा करून, क्रम तिच्या नकळत बदलून, वारंवार पुढे ठेवा.

शेटजी : ती खरी ठरली तरी बाजार सामान्य डोळ्यांवर चालतो. मांडवात तो फरक पाहणार कोण?

मास्तर : एका उजेडात आपल्याला सारखे भासणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फाकू शकतात; आज तिला जे दिसते ते उद्या मांडवातील दिव्यांखाली साऱ्यांना दिसू शकेल. आणि उभ्या-आडव्या धाग्यांचे रंग भिन्न ठेवून ज्या पैठणीत धूपछाँव साधतात, तिच्या मुलखात सूक्ष्म रंगभेद क्षुल्लक कसा म्हणावा?

शेटजी : आणि कोणालाच कधी दिसला नाही तर?

मास्तर : तरीही ठाऊक असलेली गोष्ट दडवून घेतलेली संमती अपुरीच राहते. ज्याला अधिक दिसते त्याने हुकमत गाजवू नये, हे खरे; परंतु बहुमताने त्याचे तोंडही बंद करू नये.

शेटजी : तर मग आधी खातरजमा करतो, आणि ती खरी ठरली तर सारी हकिकत गिऱ्हाइकापुढे ठेवतो. माल ठेवायचा की परत करायचा, हा अधिकार त्याचा. परत आला तर तोटा पेढीने सोसावा, कारण ‘एकच रंग’ हे शब्द पावतीवर माझ्या सहीने गेले आहेत.