जमाव पडद्यावर दाखवायचा का?

समजा, खोपोलीच्या शिळफाट्यावर घडणारा एक थरारपट करायचा आहे. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, भर पावसात, रात्रपाळी करून परतणाऱ्या सायकलस्वाराला मोटार उडवते. चालक क्षणभर वेग कमी करतो आणि निघून जातो. यात कट नाही, वैर नाही. तरी अपराधभावाच्या गोष्टीला एवढा ऐवज पुरतो.

अपघातानंतर चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं. जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल, तर सूट आहे. सूट रास्तच आहे. आपल्याकडे चालकाला बदडून काढतात. पण आमचा नायक उरलेलं आयुष्य या सुटीच्या आडोशाला काढतो. पहिल्या दिवशी तो मनाला समजावतो, लोक धावत येत होते. महिन्याभराने त्याला त्यांच्या हातातल्या काठ्याही आठवतात.

दिग्दर्शकाची खरी कसोटी इथे आहे. जमाव पडद्यावर दाखवला की प्रेक्षकाच्या लेखी तो खरा. न दाखवावा, तर नायक सरळ खोटारडा ठरतो आणि प्रेक्षक निवाडा करून मोकळा होतो.

निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’चा (२०१५) सगळा डोलारा या पेचावर उभा आहे. मुलीच्या हातून घडलेला खून लपवणारा विजय साळगावकर साक्षीदारांना विकत घेत नाही. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला यांनी साळगावकर कुटुंबाला खरोखर पाहिलेलं असतं; विजय फक्त त्यांच्या मनातली तारीख हलवतो. आपल्याला हे कळतं, तरी प्रेत सापडू नये असंच वाटत राहतं. मात्र कामत आपल्याला एक पळवाट ठेवतात. बाप मुलीसाठी झटतोय म्हटल्यावर आपलं मन फारसं खात नाही.

त्याच वर्षी आलेल्या ‘बदलापूर’मध्ये श्रीराम राघवन ही पळवाटही बुजवतात. कर्जतच्या लोकलमार्गावरल्या या गावात नायक रघू वर्षानुवर्षं सुडाची वाट पाहतो, शेवटी स्वतःच खुनी होतो, आणि त्याने केलेले खून, ज्याच्यावर सूड घ्यायचा तो मरणाला टेकलेला लायक आपल्या अंगावर घेतो. ज्याच्या बाजूने आपण बसलो होतो, तोच सुटलेला गुन्हेगार निघतो.

शिळफाट्याच्या गोष्टीतही प्रेक्षकाला असंच अडकवायला हवं. त्यासाठी घामेजलेला चेहरा आणि कर्कश पार्श्वसंगीत नको. नायक आता पुण्याला जाताना द्रुतगती मार्गच धरतो. खालापूरच्या टोलनाक्यावर बायको विचारते, “पूर्वी खोपोलीत वडापाव खायला थांबायचो आपण. हल्ली तिकडून का नेत नाहीस?” तो म्हणतो, “पावसात घाट नको वाटतो.” बोरघाट तर याही रस्त्याने चढावा लागतो. तिला ते ठाऊक आहे. ती पुढे काही विचारत नाही, आणि त्या क्षणापासून गुन्ह्यात तीही सामील होते.

म्हणून माझं मत असं की जमाव दाखवावा, आणि तो खरा वाटेल असाच दाखवावा. प्रेक्षकाने नायकाला माफ करावं, हळहळावं. मग मध्यंतरानंतर तेच दृश्य पुन्हा दाखवावं, या खेपेला रिकाम्या रस्त्याचं. तोवर त्याने माफी देऊन टाकलेली असते. ती कोणत्या पुराव्यावर दिली, याचं उत्तर त्याला स्वतःपाशीच शोधावं लागेल.