अहिल्याबाईंचं नाणं

चि. बाळास,


माळव्याच्या राणी अहिल्याबाई होळकर यांचं ३०० रुपयांचं नाणं तुला हवं आहे, हे कळलं आणि फार बरं वाटलं. त्यांच्या जन्माला ३०० वर्षं झाली म्हणून ३१ मे २०२५ रोजी भोपाळला पंतप्रधानांनी ते प्रकाशित केलं. हे नाणं वाण्याकडे द्यायचं नसतं हं. सरकारी टांकसाळ असली नाणी संग्राहकांसाठी पाडते आणि दर्शनी किमतीपेक्षा बऱ्याच जास्त दराने विकते. तू बाबांकडे हट्ट धरणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण घाईच्या भरात कुणा मध्यस्थाला वाटेल तो भावही देऊ नकोस. खाऊचे पैसे साठव, चार महिने लागले तर लागू देत.

ज्यांचा चेहरा त्यावर आहे, त्या बाई दानधर्म खासगीतून करत. दौलतीचा, म्हणजे राज्याचा, पैसा वेगळा. काशी विश्वेश्वराचं देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभं केलं, सोमनाथला नवं बांधलं, जागोजागी घाट, विहिरी, धर्मशाळा झाल्या. मला मात्र त्यांच्या राजधानीच्या, महेश्वरच्या शिवारातलं त्यांचं दान जास्त आवडतं. माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंच्या माघारी माळव्यातल्या लोकांना विचारून ते लिहून ठेवलं आहे. भर उन्हात नांगराचे बैल थांबवून बाईंचा माणूस त्यांना पाणी पाजायचा. आणि शेतकरी पाखरं हाकलतो यात त्याचं काही चुकत नाही, त्याचं पोटच त्या दाण्यांवर, असं म्हणून बाईंनी शेतं विकत घेतली आणि पाखरांना मोकळी सोडली. केवढा विचार, बघ!

त्या सूर्योदयाच्या तासभर आधी उठत. पूजा, पोथी, दान, जेवण, मग दुपारपासून दिवस मावळेपर्यंत दरबार, आणि रात्री पुन्हा कागदपत्रं. १७६७ ते १७९५, इतकी वर्षं त्यांनी कारभार पाहिला. तूही पहाटे उठतेस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता पुन्हा नाण्यांकडे वळू. त्यांच्या काळात मल्हारनगरच्या (इंदूरच्या) टांकसाळीत पडलेल्या रुपयावर नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं असे, शिवाय शिवपिंडी आणि बेलाचं पान. बाईंचं नाव नसे. म्हणून त्यांची मुद्रा असलेलं हे नाणं मला मोलाचं वाटतं.

नाणं आलं की कडांना धरूनच बघ, चिंच-लिंबाने घासू नकोस. परीक्षा संपल्यावर सवडीने ये, त्यांच्या जन्मगावी चौंडीला जाऊन येऊ.

तुझी,
आजी