मुदत

हातउसन्या पैशाच्या चिठ्ठीला तीन वर्षांची मुदत असते, हे आमच्याकडं शाळेची पायरी न चढलेला माणूसही सांगतो. पण अपघातानं मेलेला माणूस लपवला, तर त्या गुन्ह्यालाही मुदत असू शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

शेजारच्या गावातली गोष्ट. डुकरं ऊस खातात म्हणून बांधाला उघडी तार लावून रात्री करंट सोडतात. हे बेकायदेशीर आहे, हे लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. अशाच एका तारेला एक सालगडी चिकटला. मालकाला त्याला मारायचं नव्हतं, याबद्दल कुणालाच शंका नाही. पण पहाटे त्यानं दोघांना हाताशी धरून मढं पडक्या विहिरीत टाकलं, वर दगडमाती लोटली आणि गावात सांगितलं, "उचल घेऊन पळाला."

सालगड्याच्या बायकोनं पुढं चार वर्षं त्याच मालकाच्या रानात खुरपून ती उचल फेडली. सात वर्षं ज्याची खबरबात नाही, तो मेला असं कायदा धरतो. तोवर ना वारसनोंद, ना निराधारचा पगार. कुंकू लावावं की पुसावं, हेही तिला कुणी सांगेना.

नवव्या वर्षी विहिरीचा गाळ काढताना हाडं निघाली. सोबत तांब्याचं कडं. तिनं ते लगेच ओळखलं. आणि पारावर बोलणं सुरू झालं, "आता काय उकरून काढता? मुदत संपली की!"

तालुक्याच्या वकिलांनी हिशेब समजावला. जुन्या दंडसंहितेत हलगर्जीपणानं मरण ओढवलं तर जास्तीत जास्त 2 वर्षं शिक्षा. असा गुन्हा दडवणाऱ्याला त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे 6 महिने. आणि एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला मुदत 1 वर्षाची. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हलगर्जीपणाची शिक्षा 5 वर्षं झाली. 3 वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नसते, म्हणून तिथला अडसर गेला. दडवण्याला मात्र आजही 3 वर्षांची मुदत आहे.

मुदत का ठेवतात, हे मला पटतं. साक्षीदार मरतात, आठवणी पुसट होतात. वीस वर्षांनी आरोप झाला तर निर्दोष माणसानं तरी पुरावा कुठून आणायचा? शिवाय एका रात्रीच्या चुकीपायी माणसाच्या मानेवर जन्मभर सुरी टांगून ठेवणं बरं नव्हे.

पण अपघात एका क्षणात होतो, लपवणं रोज करावं लागतं. ती बाई दर आठवड्याला मजुरीला यायची, हा उचलीचे पैसे कापून घ्यायचा. प्रत्येक कपातीला तीच लबाडी नव्यानं होत होती. मग मोजणी पहिल्या पहाटेपासूनच का करायची?

कायद्यानं याचाही थोडा विचार केलाय. गुन्हा झाल्याचं माहीतच नसेल, तर ज्याचं नुकसान झालं त्याला किंवा पोलिसांना, ज्याला आधी कळेल, त्या दिवसापासून मुदत मोजतात. इथंच खरी मेख आहे. तिसऱ्या वर्षी कुणीतरी तिच्या कानाशी कुजबुजलं होतं.

"ऐकलं व्हतं, दादा. पन बोलून जाऊ कुटं? खोपटं बी त्यांच्याच रानात."

हे कळणं धरायचं का? तसं धरलं, तर ती भीतीनं गप्प होती तेवढा काळ गुन्हेगाराच्या पदरात पडतो. उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरज वाटली, तर कोर्टाला मुदतीनंतरही दखल घेता येते. माझ्या मते असल्या बाबतीत कोर्टानं हात आखडू नये. ज्याच्या आसऱ्यानं राहायचं त्याच्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही, हे खेड्यात राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि गाव? गावात निम्म्या लोकांना कुणकुण होती. त्यांचं कळणं मुदतीच्या हिशेबात धरत नाहीत. त्यांना कुणी समन्सही काढणार नाही.

खटल्याचं जे व्हायचं ते होईल. तिची मागणी वेगळीच आहे. "उचल घेऊन पळाला" हे चारचौघांत बोलले होते, तसंच ग्रामसभेत उभं राहून "पळाला नव्हता" असं त्यांनी म्हणावं. पोराला शाळेत अजून त्यावरून चिडवतात. या मागणीला कुठल्याच कायद्यात मुदत नाही, आणि कलमही नाही. ते काम गावाचंच आहे.