घर निवडताना शेजाऱ्याचा हक्क

मुंबईत नोकरी लागलेल्या तरुणाने घर कोठे घ्यावे? मुंब्रा, मीरा रोड, की पनवेल? घरची मंडळी प्रथम विचारतात, "मस्जिद जवळ आहे ना?" प्रश्न रास्तच आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर कित्येक कुटुंबे मुंबई सोडून मुंब्र्यास गेली, ती हौसेने नव्हे. आजही नाव ऐकून घर नाकारले जाते.

तरीही मदीनेतील एक प्रसंग आठवावा. बनू सलिमा या कबिल्याची घरे मस्जिद-ए-नबवीपासून दूर होती. मस्जिदीजवळ येऊन राहण्याचा त्यांचा विचार प्रेषित मुहम्मद (स.) यांना कळला, तेव्हा त्यांनी त्यांना आहे तेथेच राहण्यास सांगितले, मस्जिदीकडे टाकलेले प्रत्येक पाऊल नोंदले जाते, असा दिलासा दिला. मदीनेची ती कड ओस पडणे त्यांना पसंत नव्हते, असे बुखारीतील हदीसमध्ये आहे.

आणि शेजारी? पवित्र कुरआनने (४:३६) नातलग शेजाऱ्याप्रमाणेच परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तनाची आज्ञा दिली. धर्माची अट घातली नाही. भेट कोणत्या शेजाऱ्यास द्यावी, या हजरत आयेशा (र.) यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, की ज्याचे दार अधिक जवळ त्याला. सकाळी सहाची लोकल पकडून रात्री दहाला परतणाऱ्यास समोरच्या दारामागे कोण आजारी आहे, हे कसे कळावे? माझ्या मते खोली लहान असली तरी कामाजवळची घ्यावी, आणि मिश्र वस्तीत मिळत असेल तर केवळ सवयीपोटी नाकारू नये. जेथे जिवाची धास्ती आहे, तेथे राहा, असे मात्र कोणी कोणास सांगू नये.