पावतीपुस्तक आणि कथा

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या एखाद्या ग्रामीण साहित्य संमेलनाची निमंत्रणपत्रिका घ्या. मागच्या पानावर कार्यवाह, खजिनदार, मंडप समिती, भोजन समिती अशी नावे असतात. आतल्या पानावर कविसंमेलनात भाग घेणाऱ्यांची यादी असते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या की पुष्कळदा तीच माणसे भेटतात. ज्याने महिनाभर गावात वर्गणीच्या पावत्या फाडल्या, पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज दिला, पाहुण्यांच्या गाडीची सोय केली, तोच संध्याकाळी व्यासपीठावर आपली कविता वाचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उद्यमबागेतल्या यंत्रापुढे, शाळेतल्या फळ्यापुढे किंवा शेतात उभा असतो.

कडोलीच्या मराठी साहित्य संघाने १९८०च्या दशकात ग्रामीण संमेलनांची ही परंपरा सुरू केली. पुढे उचगाव, सांबरा, बेळगुंदी, येळ्ळूर, कुद्रेमनी अशी गावे तिच्यात आली. निपाणीकडे कारदग्याच्या साहित्य विकास मंडळाने दूधगंगेकाठी तेच काम हाती घेतले. भाताची सुगी आटोपली की डिसेंबर ते फेब्रुवारी हा संमेलनांचा हंगाम. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, मग अध्यक्षांचे भाषण, परिसंवाद, दुपारी गावजेवण, नंतर कथाकथन आणि कविसंमेलन. मोठ्या शहरांत साहित्याच्या कार्यक्रमाला खुर्च्या भरत नाहीत, आणि इथे शेतकरी, विणकर, गवंडी, शाळकरी मुली मांडवात दिवसभर बसून ऐकतात. मराठी प्रदेशात इतरत्र क्वचितच दिसणारी ही गोष्ट आहे आणि मला तिच्याविषयी मनापासून आदर आहे. म्हणूनच तिच्यात जे राहून गेले आहे ते स्पष्टपणे लिहावेसे वाटते.

राहून गेली आहे ती कथा. या पट्ट्यात कविता भरपूर लिहिली जाते, भाषणे उत्तम होतात, स्मरणिका निघतात. पण इतकी वर्षे इतकी माणसे लिहीत असताना त्या प्रमाणात कथा-कादंबरी आलेली नाही. इथे सांगण्यासारखे काही नाही असे कोण म्हणेल? निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, १९८१चे शेतकऱ्यांचे आंदोलन आणि त्यातला गोळीबार, शहापूर-वडगावचे माग, घरात मराठी आणि कचेरीत कानडी बोलणारी माणसे, सातबारा महाराष्ट्राच्या हद्दीत आणि घर कर्नाटकात अशी कुटुंबे. विषयांनी हा मुलूख गजबजलेला आहे. तुटवडा आहे तो सलग वेळेचा. आणि आपल्या संस्थांची घडण अशी आहे की लिहिणाऱ्याजवळ जो थोडा वेळ उरतो, तोही त्या मागून घेतात.

कविता दिवसाच्या फटीत होऊ शकते. बसमध्ये ओळ सुचते, पाळी संपल्यावर दुसरी जुळते, रात्री ती वहीत उतरते. कवितेला कमी लेखण्यासाठी मी हे म्हणत नाही. चांगली कविता वर्षानुवर्षे मनात मुरते. पण तिचे मुरणे इतर कामांच्या जोडीने चालू शकते. कथेत माणसे असतात, त्यांचे येणे-जाणे असते, काळ असतो. चार दिवस तिच्याकडे पाहिले नाही की पात्रे परकी होतात आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते.

इंदिरा संतांचे उदाहरण इथे आठवते. १९४६ साली पती नारायण संत गेले. तीन मुले, बेळगावातली अध्यापनाची नोकरी, पुढे प्राचार्यपद, या सगळ्यात त्यांनी लिहिले. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ ही नावे मराठी वाचकाला पाठ आहेत. ‘गर्भरेशीम’ला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांनी कथाही लिहिल्या हे मात्र फारसे कुणाला आठवत नाही. ‘श्यामली’, ‘कदली’, ‘चैतू’ हे त्यांचे कथासंग्रह १९५०च्या दशकातले. कविता अखेरपर्यंत त्यांच्या सोबत राहिली, कथा मागे राहिली. याचे कारण केवळ वेळ होते असे छातीठोकपणे कुणी सांगू नये, प्रतिभेचा कल हे मोठे कारण असतेच. तरी एकट्या कमावत्या बाईच्या दिवसात कोणता वाङ्मयप्रकार तग धरतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत कऱ्हाडला भूशास्त्राचे प्राध्यापक होते. लंपन या शाळकरी मुलाच्या पहिल्या कथा त्यांनी १९६०च्या दशकात लिहिल्या, ‘सत्यकथे’त त्या छापून आल्या. ‘वनवास’ हे पुस्तक आले १९९४ साली. मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही पुस्तके काही वर्षांत एकामागून एक आली. २००३ मध्ये ते अपघातात गेले. या पट्ट्याची कानडी वळणाची मराठी बोली, इथली झाडे, गल्ल्या आणि शाळा मराठी कथेत कायमच्या नोंदल्या गेल्या त्या या चार पुस्तकांमुळे. मधला जवळजवळ तीन दशकांचा काळ मला अस्वस्थ करतो. पुस्तके आली म्हणून आपण त्या काळाकडे कौतुकाने पाहतो. ज्यांची तीस वर्षे तशीच सरली आणि पुस्तक आलेच नाही, अशी माणसे गावोगाव असणार. त्यांची नोंद कुठेच होत नाही.

महादेव मोरे यांनी वेगळी वाट काढली. निपाणीत त्यांची पिठाची गिरणी होती. त्याआधी त्यांनी टॅक्सीही चालवली होती. त्यांनी कामापासून लेखन वाचवत बसण्याऐवजी कामातूनच लेखन उभे केले. ड्रायव्हर, फिटर, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, बाजारातली फाटकी माणसे त्यांच्या कथांत आली, कारण तीच माणसे त्यांच्या आजूबाजूला वावरत होती. ‘एकोणिसावी जात’सारखी कादंबरी लिहायला मोटारींचे जग आतून ठाऊक असावे लागते. दिवाळी अंकांसाठी त्यांनी दशकानुदशके कथा लिहिल्या. २०२४ साली ते गेले तेव्हा श्रद्धांजलीत गिरणीचा उल्लेख पुन्हा पुन्हा झाला. पण गिरणी चालवून लिहिले हे कौतुकाचे वाक्य मला अपुरे वाटते. मोरे लिहू शकले याचे श्रेय त्यांच्या चिवटपणाला आहे, आपल्या कोणत्याही संस्थेला नाही. एक चिवट माणूस निघाला म्हणून बाकीच्यांनीही तसेच निघावे, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

संस्थांकडे मी येतो आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्या दिवसापासून इथल्या मराठी लेखनामागे इथले सरकार उभे राहणार नाही, हे ठरल्यासारखेच झाले. जे उभे राहिले ते लोकांनी उभे केले किंवा आधीपासूनचे टिकवले. १८४८चे बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली सुरू केलेला ‘तरुण भारत’, गल्लीतली वाचनालये आणि नंतर ही संमेलने. या भूमीवर साहित्य आणि प्रांताचा प्रश्न एकमेकांत गुंतले त्यालाही मोठा काळ लोटला. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. २००० साली य. दि. फडके बेळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. २००४ पासून सीमावाद सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी संमेलन भरवणे हीच इथे एक भूमिका असते आणि ती घेणाऱ्याला तिची किंमतही मोजावी लागते. पुण्या-मुंबईत बसून या गोष्टीची टिंगल करणाऱ्यांना हे कळत नाही.

पण याच इतिहासामुळे एक सवय लागली. लेखनाचे मोल निष्ठेवरून ठरू लागले. सीमाभागातला लेखक म्हटले की पाहुणे त्याच्या जिद्दीची, अस्मितेची, चिकाटीची स्तुती करतात आणि त्याची कथा न वाचताच परत जातात. त्याला टाळ्या मिळतात, हार मिळतो, आणि तिसऱ्या पानावर कथा ढिली पडली आहे हे मात्र कुणी सांगत नाही. लेखकाला लढवय्या ठरवले की त्याच्या लेखनाकडे लेखन म्हणून पाहण्याची जबाबदारी संपते. हा सन्मान वरवरचा आहे. आपल्या माणसांनी तो नाकारायला हवा.

संमेलनातले कथाकथन पाहा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी ही कला गावोगाव नेली. शंकर पाटलांचे पट्टणकोडोली कारदग्यापासून फार दूर नाही. त्यांच्या सांगण्यात विनोद होता, पण त्याखाली लिहिलेली भक्कम कथा होती. आज दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात अनेकदा किस्से आणि नकलांवर वेळ भागवली जाते. परगावचा वक्ता येतो, हसवतो, मानधन घेऊन जातो. गावातल्या कुणी लिहिलेली, अजून कच्ची असलेली कथा त्या व्यासपीठावर वाचली जात नाही, कारण ती लांब असते आणि मांडव कंटाळेल अशी भीती वाटते. मला ही भीती खोटी वाटते. जो मांडव हरिपाठाला आणि कीर्तनाला तासन्तास बसतो, त्याला आपल्याच गावची कथा अर्धा तास जड जाईल कशी?

बेळगावहून दोन तासांच्या अंतरावर धारवाड आहे. तिथे १९६४ साली चंद्रशेखर पाटील म्हणजे चंपा, गिरड्डी गोविंदराज आणि सिद्धलिंग पट्टणशेट्टी या तीन तरुण मित्रांनी ‘संक्रमण’ नावाचे कानडी नियतकालिक काढले. अध्यापनाचे काम सांभाळून ते चालवले आणि चंपांनी पुढे ते कित्येक दशके निभावून नेले. चंपा कानडीला प्राधान्य मागणाऱ्या गोकाक चळवळीतले आघाडीचे कार्यकर्ते; त्यांची भाषिक भूमिका इथल्या मराठी माणसाला पटण्यासारखी नव्हती. तरी ‘संक्रमण’ने एका पिढीच्या कानडी लेखनाला जागा दिली ही गोष्ट आपण शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखी आहे. नियतकालिक वर्षभर हाक मारत राहते. अमुक तारखेला मजकूर हवा, ही कथा परत पाठवतो आहे, तिचा शेवट पुन्हा लिहा, असे ते लेखकाला सांगते. संमेलनाची हाक वर्षातून एक दिवसाची असते. आपल्याकडे ‘सत्यकथा’ होती तोवर श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाशी पत्रव्यवहार करत. १९८२ साली ती बंद झाली. त्या पत्रांसारखे पत्र आज निलजीच्या किंवा कारदग्याच्या मुलीला कोण लिहिणार आहे? स्मरणिकेच्या संपादकाला जाहिराती गोळा करण्यातून उसंत नसते आणि आलेला मजकूर तसाच छापला जातो.

बायकांच्या बाबतीत ही ओढाताण आणखी वाढते. अंगणवाडी, शाळा किंवा शेत, मग घर, मग संमेलनाच्या स्वागताची तयारी. सूत्रसंचालन आणि स्वागतगीत त्यांच्याकडे अलगद येते. त्यांच्या वहीत काय आहे हे विचारायला कुणी जात नाही.

यावर कुणी म्हणेल, माणसेच कमी आहेत, कामे वाटणार कोणाला? वाटता येतात. या गावांत तरुण मंडळे आहेत, देवस्थानचे पंच आहेत, सहकारी सोसायट्या चालवलेली माणसे आहेत. हिशेब, मांडव, जेवण ही कामे त्यांना आपल्यापेक्षा चांगली जमतात, आणि ती लेखकाने केली तरच साहित्यसेवा असे कुठे लिहिलेले नाही. स्मरणिकेच्या खर्चात वर्षातून दोनदा साध्या कागदावर निघणारा कथांचा अंक बसू शकतो. बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या मंडळांनी मिळून एक संपादक नेमावा. प्रत्येक मंडळाने स्वतंत्र अंक काढण्याचा अट्टहास केला तर पुन्हा तीच माणसे झिजतील. निपाणीला लागून, महाराष्ट्राच्या हद्दीत, अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय आहे. बेळगावातही महाविद्यालयांत मराठी शिकवणारी मंडळी आहेत. आलेली कथा वाचून लेखकाला मोकळेपणाने चार ओळी लिहिण्याचे काम त्यांच्याकडे मागावे. नकार आला तरी तो कारणांसह यावा.

यामुळे उत्तम कथा लगेच येतील असा माझा दावा नाही. लेखकाला मोकळी संध्याकाळ दिली म्हणून तो लिहितोच असेही नाही. पण जी मराठी शाळांतून कमी होत चालली आहे, जिची पाटी काढली जाते, ती पुढच्या पिढीला भाषणांतून कळणार नाही. लंपन वाचून बेळगाव कळते, मोरे वाचून निपाणी कळते. आणखी दहा जण तसे लिहू शकतात आणि ते आपल्या ओळखीचे आहेत.

म्हणून सीमाभागातल्या प्रत्येक मंडळाला माझी विनंती आहे. यंदाच्या संमेलनाची पहिली बैठक बसेल तेव्हा गावात कथा कोण लिहिते आहे हे आधी विचारा, त्या माणसाचे नाव सर्व समित्यांमधून वगळा, त्याच्या हातातले पावतीपुस्तक दुसऱ्याकडे द्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत दुपारचा एक तास त्याच्या कथेसाठी राखून ठेवा.