चढावर थांबताना



गोव्याहून बेळगावास चोर्ला घाटाने वर येताना पुढे एखादा ट्रक अडला, की मागच्या साऱ्या गाड्या चढावरच थांबतात. अशा वेळी ज्याने नुकतीच ऑटोमॅटिक गाडी घेतली आहे तो घाबरून जातो. गिअर ‘डी’वर आहे, इंजिन चालू आहे, तरी ब्रेकवरून पाय उचलताच गाडी मागे घसरू लागते! गाडीत काही बिघाड झाला असे त्यास वाटते. पण बहुधा बिघाड नसतो.

पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन व गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात तेल भरलेले असते. इंजिनाकडचे पाते तेलास गती देते आणि ते तेल पलीकडचे पाते फिरवते. ॲक्सिलरेटर दाबला नाही तर तेलाचा हा रेटा बेताचाच असतो. सपाट रस्त्यावर तेवढा पुरतो, आणि गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकते. पण तीव्र चढावर गाडीचे वजन त्या रेट्यावर मात करते. २०१४ पासून भारतात आलेल्या एएमटी गाड्यांत तर हे तेलही मध्ये नसते. नेहमीचाच क्लच यंत्राकडून चालवला जातो. म्हणून चढावर त्या सहज मागे येतात. काही नव्या गाड्या चढावर स्वतः ब्रेक धरून ठेवतात खऱ्या, पण तेही दोन-तीन सेकंदच.

तर चालकास फसवतो तो सपाट रस्ता. तेथे गाडी आपोआप पुढे जाते. म्हणून ती आपणांस धरून आहे असा त्याचा समज होतो.

आपल्या विश्वासाचेही असेच होत नाही काय? घरात सर्व ठीक असते तेव्हा रविवारची उपासना, भोजनापूर्वीची प्रार्थना, सणाचे दान ही सवयीनेच चालत राहतात. पुढे नोकरी जाते, आजार येतो, घरातील माणूस प्रभूकडे जाते. नाव तेच, मंडळी तीच. पण आपण मागे जाऊ लागतो, आणि देवच आपणांस विसरला असे म्हणतो.

लूककृत शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय काढून पाहा. भोजनाच्या मेजाशी पेत्र तुरुंगातच काय, मरणातही प्रभूबरोबर जाण्यास तयार होता. ते सपाट ठिकाण होते. त्याच रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटीजवळ एका दासीने त्याच्याकडे निरखून पाहिले, आणि तो घसरला. एकदा नव्हे, तीनदा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडी घसरते तेव्हा आतील मनुष्यास क्वचितच इजा होते. धडक बसते ती मागच्यास. मागे स्कूटरवर एखादे कुटुंब असेल. वडील माणसाचा विश्वास घसरला की त्याच्या मागून चालणाऱ्या मुलांचे, नव्या विश्वासणाऱ्यांचे काय होते, याचा विचार आपण करतो काय? पेत्र पडण्यापूर्वीच प्रभूने त्याच्यासाठी प्रार्थना केली होती, आणि परत फिरल्यावर भावांस आधार देण्याचे काम त्याच्यावर सोपवले होते. त्याच्या मागे कोण होते हे प्रभूस ठाऊक होते.

मग चढावर काय करावे? ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी तोलत राहू नये. तेल किंवा क्लच तापतो. पायाचा ब्रेक घट्ट दाबावा. फार वेळ थांबायचे असल्यास हातब्रेक ओढावा. निघताना हातब्रेक लावलेला असतानाच ॲक्सिलरेटर हलके दाबावा, गाडी पुढे ओढू लागली की मगच तो सोडावा.

संकटातही धडपडीने स्वतःस तोलत राहू नये. तेथे थांबणे हेही काम आहे. रोज ठरल्या वेळी प्रार्थनेस बसावे, मन लागो वा न लागो, वचन वाचावे, एखाद्या विश्वासू भावास किंवा बहिणीस आपली अवस्था सांगावी. रस्ता मोकळा होईपर्यंत प्रभू आपणां सर्वांस धरून ठेवो, आणि आपल्या मागून येणाऱ्यांसही सांभाळो. आमेन.