आश्रिताचे रक्षण : सुगरणीच्या खोप्याचा दृष्टांत

पारध्यांच्या भयाने आलेल्या सशास सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी अभय दिले व पारध्यांसही हिंसेपासून परावृत्त केले, ही लीळा सर्व सद्भक्तांस ठाऊक आहे. परंतु जो जीव भयाने शरण आलेला नाही, केवळ दाराशेजारी राहतो, त्यासही आश्रित म्हणावे काय?

दृष्टांत : वसई-विरारच्या वाड्यांत पावसाळ्यात ताड-शिंदीच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लोंबतात. नाव स्त्रीचे, पण विणकर नर असतो. तो अर्धा खोपा विणतो. मादी येऊन पारखते. तिला मानवल्यासच अंड्यांची कोठी व खाली उतरणारी नळी पुरी होते. मादी साधारणतः २ ते ४ अंडी घालून एकटीच सुमारे पंधरा दिवस उबविते. पुढे जवळजवळ तितक्याच दिवसांत पिले उडतात. तोवर नर दुसरा खोपा आरंभून दुसरी मादी मिळवू पाहतो. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे निवासाजवळच हा क्रम निरखून उजेडात आणला.

दार्ष्टांतिक : हे पाखरू पुष्कळदा विहिरीवर वा बावखलावर झुकलेली फांदी निवडते, म्हणजे भक्षकास पोहोचणे कठीण व्हावे. पण कोयत्यापुढे त्याची विद्या चालत नाही. त्याचे जगणे कोयता धरणाऱ्याच्या अधीन. आणि जो अधीन, तोच आश्रित. त्याने शरण येण्याची वाट पाहू नये.

झावळ्या छपरास लागतात, घराचे काम अडते, मजूर पुन्हा मिळत नाहीत. गृहस्थाच्या या अडचणी खोट्या नव्हेत. शिवाय सर्व खोपे एकाच वेळी रिकामे होत नाहीत. म्हणून विणीचा हंगाम सरेपर्यंत थांबावे लागते. ही झीज सोसणे हेच अहिंसेचे मोल होय. ज्या अहिंसेत काहीच सोसावे लागत नाही, तिची परीक्षा झालेली नसते.

साधकास तर वृक्षातळी वास विहित आहे. ज्या झाडाखाली तो बसतो, त्याच झाडावर दुसरा आश्रित नांदतो. तेथे दोघेही पाहुणे. म्हणून खोपा पाहावा, हात लावू नये; आणि पिले उडाल्यावर 'मी रक्षिले' हा अभिमानही धरू नये. पाखरास त्याची वार्ता नसते. साधकानेही ती विसरावी.

दंडवत प्रणाम.